मिडलटन: तांब्याच्या भांड्यापेक्षा कच्चा जव पाहा

आयर्लंडमधल्या कॉर्क शहराच्या केंट स्टेशनवरून मिडलटनची लोकल साधारण अर्ध्या तासात पोचवते. डिस्टिलरीच्या फेरीत शेवटी व्हिस्कीचे नमुने चाखायचे असतात, म्हणून मोटार न नेलेलीच बरी. 1825 साली सुरू झालेल्या इथल्या जुन्या व्हिस्की डिस्टिलरीत सगळ्यांचे मोबाइल वळतात ते 31,618 गॅलनच्या, म्हणजे जवळपास 1,44,000 लिटरच्या तांब्याच्या पॉट स्टिलकडे (दारू गाळायच्या भांड्याकडे). 1975 मध्ये शेजारी नवी डिस्टिलरी सुरू झाली, तेव्हापासून हे भांडं थंड आहे. फोटो काढा, पण आमच्या मते चवीचं मूळ धान्यात आहे.

मोड आणून वाळवलेल्या जवावर, म्हणजे माल्टवर, 1785 मध्ये कर बसला. आयरिश मंडळींनी कर वाचवायला त्यात कच्चा जव मिसळायला सुरुवात केली आणि कराचा प्रश्न मागे पडल्यावरही चव सोडली नाही. आज ‘सिंगल पॉट स्टिल’ या प्रकारची आयरिश व्हिस्की म्हणवून घ्यायला माल्ट किमान 30 टक्के, कच्चा जव किमान 30 टक्के लागतो; इतर धान्य 5 टक्क्यांपर्यंतच चालतं. कच्चा जव त्रासदायक. त्यातल्या बीटा-ग्लुकॅन या चिकट तंतूमुळे मिश्रण चिकट होतं, रस गाळताना तुंबतो. पण जिभेवरचा तेलकट, सायीसारखा दाटपणा आणि लवंग-मिऱ्याचा झटका त्याचीच देणगी. बहुधा तीनदा ऊर्ध्वपातन होतं. त्यात सुरुवातीची धार जास्त घेतली तर नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतो. शेवटची जास्त घेतली तर ओल्या पुठ्ठ्याचा.

मग लाकडी पिंपांत मुरवणं. कायद्याने 3 वर्षं पुरतात, इथल्याच रेडब्रेस्ट व्हिस्कीची मूळ बाटली 12 वर्षांची. दरवर्षी सुमारे 2 टक्के हवेत जातं, म्हणजे बाटलीत भरेपर्यंत पाचवा हिस्सा गेलेला. बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या पिंपातून व्हॅनिला येतो, ओलोरोसो शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपातून मनुका-अंजीर. शेरी आता पिंपांतून निर्यात होत नाही, त्यामुळे ही पिंपं स्पेनमध्ये मुद्दाम बनवून, शेरीने मुरवून आणावी लागतात. किंमत त्यामुळेही चढते. वय मात्र वाढेल तितकं चांगलं असं नाही: लाकूड वरचढ झालं की काढा पिल्यागत तुरट लागतं.

चाखताना तोंडाशी निमुळता ग्लास घ्या, नाक आत खुपसू नका, तोंड किंचित उघडं ठेवून हुंगा. पहिला घोट कोराच, मग पाण्याचे दोन-तीन थेंब. बर्फ नको, गारव्याने वास दबतो आणि ज्या दाटपणासाठी पैसे मोजले तोच कळत नाही.