टाय पायलटला, अळी नेव्हिगेटरला

गेल्या रविवारी आमच्या गच्चीत परत बाबांची गँग जमली. सगळे एअरफोर्समधून रिटायर झालेले, सगळ्यात तरुण मेंबर बहात्तर वर्षांचा. येताना प्रत्येकाने घरातलं काहीतरी जुनं घेऊन यायचं असा नियम आहे, आणि पोहे मी करायचे असाही नियम आहे, तो कोणी केला ते मला आजवर कळलेलं नाही.

बाबा कॅनबेरावर नेव्हिगेटर होते, म्हणजे पायलटला रस्ता सांगणारे. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, कॅनबेरा म्हणजे दोन इंजिनांचं ब्रिटिश बॉम्बर, आपल्याकडे 1957 पासून आलं आणि चक्क 2007 पर्यंत उडालं, 11 मे ला आग्र्याला निरोप दिला त्याला. बाबांच्या मॉडेलमध्ये पायलट वर डावीकडे काचेच्या टोपणाखाली बसायचा, फायटरवाल्यासारखा ऐटीत, आणि नेव्हिगेटर खाली नाकात एका छोट्या टेबलाशी, बॉम्ब टाकायची वेळ आली की पुढे सरकून पोटावर झोपायचं. आता खरी गंमत ऐका. इजेक्शन सीट, म्हणजे संकटात माणसासकट विमानाबाहेर उडणारी खुर्ची, फक्त पायलटला. नेव्हिगेटरने काय करायचं? तर पॅराशूट लावून बाजूच्या दारातून उडी मारायची, वेळ मिळाला तर.

ही गोष्ट मला लहानपणी कोणी सांगितली नव्हती बरं का. आईलाही नाही. तिला लग्नानंतर सात वर्षांनी मेसच्या पार्टीत कोणीतरी जोक म्हणून सांगितली आणि ती तिथेच रडायला लागली म्हणे.

तर रविवारी मिगवाले काका एक जुनी टाय घेऊन आले, मार्टिन-बेकर कंपनीची. ही इजेक्शन सीट बनवणारी कंपनी, आणि त्यांच्या सीटने तुमचा जीव वाचला की तुम्ही त्यांच्या टाय क्लबचे मेंबर होता, 1957 पासून आहे हा क्लब. टाय काकांची नव्हे, हंटर हे ब्रिटिश फायटर उडवणाऱ्या त्यांच्या कोर्समेटची, त्याच्या बायकोने यांच्याकडे ठेवायला दिलेली. काका स्वतः मिग-21 मधून इजेक्ट झालेले, पण मिगची सीट रशियन. "मणक्याची दोन हाडं दिली मी, रशियाने साधा रुमाल पाठवला नाही!" हा डायलॉग ते दर वेळी मारतात आणि दर वेळी सगळे पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसतात. त्यावर बाबांचं ठरलेलं उत्तर, की आम्हाला तर सीटच नव्हती, आम्हाला फार तर अळी मिळाली असती. अळी म्हणजे कॅटरपिलर क्लब, पॅराशूटने जीव वाचलेल्यांचा, तिथे सोन्याची इवलीशी अळी पिन म्हणून देतात, कारण पूर्वी पॅराशूट रेशमाचं असायचं. बाबांकडे ना टाय ना अळी, आणि मला विचाराल तर आमच्या घरातली सगळ्यात मौल्यवान वस्तू हीच, की त्या दोन्ही नाहीत.

बाबांनी आणली लॉगबुकं. निळसर कापडी पुठ्ठा, कोपरे उसवलेले, आतल्या पानांना कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास. दिवसाचं उड्डाण काळ्या शाईत, रात्रीचं लाल शाईत, महिना संपला की बेरीज आणि खाली फ्लाइट कमांडरची सही. एरवी बाबांचं अक्षर म्हणजे मुंग्या सोडल्यासारखं, पण लॉगबुकात एकेक आकडा मोत्यासारखा. शेवटच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी फक्त 'डीसीओ', म्हणजे ड्यूटी कॅरीड आउट. डिसेंबर 71 चं पान लालच लाल आहे. बाकी तपशील नाही. मी विचारलं तर म्हणाले थंडी फार होती. पन्नास वर्षं मी हेच उत्तर ऐकतेय. (नीपॅड पण होतं त्यांचं, मांडीवर बांधून लिहायचं, ते आईने एकदा रद्दीत घातलं. त्या विषयावर आमच्या घरी आजही कोणी बोलत नाही.)

मग हेलिकॉप्टरवाल्या काकांनी कॅनबेरावाल्यांची नेहमीची खेचली. 18 डिसेंबर 1961 ला गोव्याच्या वेळी पुण्यातून बारा कॅनबेरा गेले, दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले, टर्मिनलला धक्का लावायचा नाही अशी ऑर्डर होती आणि ती पाळली. पण त्याच रात्री पोर्तुगीजांनी खड्डे कसेबसे बुजवून उरलेल्या तुकड्यावरून दोन प्रवासी विमानं उडवली आणि थेट कराची गाठली. "बारा विमानं, आणि धावपट्टी तरी चालूच, याला म्हणतात पीडब्ल्यूडी काम!" बाबा तेव्हा सर्व्हिसमध्ये नव्हतेच, कॉलेजात होते, तरी बोलणी तेच खातात.

एवढ्यात लोहगाववरून सुखोई फायटर उठलं. आमच्याकडे गच्चीत बोलणं मध्येच थांबवावं लागतं त्याच्यामुळे, कपातला चहा थरथरतो. माझी मुलगी मोबाइलवरच्या ॲपमध्ये शोधायला लागली, त्यात प्रवासी विमानं दिसतात, हे कुठलं दिसायला. म्हाताऱ्यांपैकी कोणीच मान वर केली नाही. बाबा म्हणाले, दोन आहेत, दुसरं येईल आता. आलं. मिगवाले काका मात्र थोडे गप्प झाले, मिग-21 ला गेल्या सप्टेंबरात, 26 सप्टेंबर 2025 ला, चंदीगडला निरोप दिला तेव्हापासून इंजिनाचा आवाज आला की ते असे होतात. मी त्यांच्या ताटलीत न विचारता अजून पोहे वाढले.

यावेळी एक नवा पाहुणा होता, एका काकांचा भाचा, सुखोईत मागच्या सीटवर बसतो, विझो म्हणतात त्यांना, वेपन सिस्टिम्स ऑपरेटर, म्हणजे बाबांचाच वंश. बिचारा सगळ्यांना सर सर करत कोपऱ्यात पोहे खात होता. बाबांनी त्याला बोलावून शेजारी बसवलं आणि पहिला प्रश्न विचारला, "तुला सीट आहे ना रे?"

"हो सर, दोघांनाही आहे."

बाबांनी मान हलवली, लॉगबुक मिटलं, आणि समोर बसलेल्या आपल्या जुन्या पायलटकडे बोट दाखवून म्हणाले, "हा मला टेकऑफच्या आधी विचारायचा, काही निरोप आहे का घरी?"

पायलटकाका पोह्यातलं खोबरं बाजूला करत म्हणाले, "आणि हा दर वेळी म्हणायचा, दूधवाल्याचे पैसे द्यायचेत."