बाघच्या चुनखडीचं वय शोधताना: माझा अनुभव

खडकाचं वय काढायचं म्हटलं की बहुतेकांना वाटतं, तुकडा यंत्रात घालायचा आणि आकडा उतरवून घ्यायचा. ज्वालामुखीच्या खडकाचं बऱ्याच अंशी तसं होतंही. दख्खनच्या बेसॉल्टचं सुमारे 6.6 कोटी वर्षं हे वय त्याच वाटेने आलंय. पण समुद्राच्या तळाशी साचलेल्या चुनखडीत त्यासाठी लागणारी खनिजं सहसा नसतात. मग विचारायचं ते तिच्यात पुरल्या गेलेल्या शंख-शिंपल्यांना. एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी मी हेच काम केलं. जागा होती मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातली, बाघ आणि मनावरच्या आसपासची.

क्रिटेशस काळात, म्हणजे डायनासोरांच्या युगाच्या शेवटच्या टप्प्यात, समुद्राचा एक चिंचोळा पट्टा पश्चिमेकडून आजच्या नर्मदा खोऱ्यात शिरला होता. त्याने मागे ठेवलेले थर म्हणजे बाघ थर. तळाला निमार वालुकाश्म, त्यावर गाठाळ चुनखडी (सगळे 'नोड्युलर'च म्हणतात), मग थोडी मार्ल (चिकणमाती मिसळलेली चुनखडी) आणि वर कोरॅलाइन लाइमस्टोन (हीही चुनखडीच). त्याच्याही वर लामेटा नावाचे थर आणि शेवटी आपला ओळखीचा काळा ट्रॅप, म्हणजे दख्खनचा बेसॉल्ट. विल्यम ब्लॅनफर्डने 1869 मध्ये या थरांचं सविस्तर वर्णन केलं, तेव्हापासून त्यांच्या वयावर वाद चालू आहे. पुण्याचा या वादाशी जुना संबंध. महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेत, जी. डब्ल्यू. चिपळूणकर आणि आर. एम. बडवे यांनी बाघच्या जीवाश्मांवर बरीच वर्षं काम केलं. त्यामुळे मला आधी काम करावं लागलं ते ग्रंथालयात. जुने निबंध काढायचे, एकाच प्राण्याची बदलत गेलेली नावं जुळवायची. हे कंटाळवाणं असतं, पण ते टाळून फील्डवर गेलं तर समोर काय पडलंय तेच कळत नाही.

धुळे, शिरपूर, सेंधवा करत खलघाटला नर्मदा ओलांडली की मनावरकडे वळायचं. हिवाळ्यात जायचं, कारण तेव्हा नाले कोरडे असतात आणि मान नदीच्या खोऱ्यातले कडे नीट उघडे दिसतात. गावात पोचलं की आधी कुणाच्या शेतातून जायचंय त्यांना विचारायचं. हातोडा पाहिला की पहिला प्रश्न ठरलेला: डायनासोरची अंडी शोधताय का? प्रश्न रास्तच आहे. पाडल्या गावात कुलदैवत म्हणून पुजले जाणारे गोल दगड डायनासोरची अंडी निघाल्याची बातमी 2023 मध्ये देशभर गाजली होती. मी शिंपले शोधतोय म्हटल्यावर लोकांचा रस लगेच ओसरायचा.

माझ्या मार्गदर्शक सरांनी पहिल्या दिवशी हातोडा पिशवीतच ठेवायला लावला. "आधी थर मोज. कुठून आला ते माहीत नसलेला जीवाश्म म्हणजे शोभेची वस्तू," असं ते म्हणाले. मग टेप, दांडा आणि क्लिनोमीटर (थराचा कल मोजायचं साधन) घेऊन तळापासून वर छेद, म्हणजे एकावर एक उघडे पडलेले थर, मोजायचा. प्रत्येक थराला क्रमांक, जाडी, रंग, कणांचा आकार, वरचा-खालचा पृष्ठभाग, सगळं वहीत उतरवायचं. वालुकाश्म संपून चुनखडी सुरू होते तिथे रंगाने खूण केली आणि पुढची सगळी मापं त्या खुणेपासून घेतली. गोळा करताना दोन पिशव्या वेगळ्या ठेवल्या: थरात रुतलेला नमुना एकीत, उतारावर घरंगळून आलेला दुसरीत. दुसऱ्या पिशवीतला नमुना कितीही देखणा असला तरी वयाच्या तक्त्यात जात नाही. सर्वांत चांगले नमुने नेमके त्याच पिशवीत जमतात, हा तर या कामातला नियमच म्हणायला हवा.

नोड्युलर चुनखडीत आणखी एक गोम आहे. ती फार सावकाश साचली. मधूनमधून साचणं थांबून समुद्राचा तळ तिथल्या तिथे घट्ट झाला. अशा पृष्ठभागावर पडलेला शंख बराच काळ उघडा राहतो, त्याला भोकं पडतात, त्यावर कालवं चिकटतात, आणि वेगवेगळ्या वेळचे प्राणी एकाच थरात शेजारी येतात. म्हणून प्रत्येक नमुना उलटसुलट करून पाहायचा: झिजलाय का, पोखरलाय का, आतला भराव बाहेरच्या खडकासारखाच आहे की वेगळा? आत वेगळा गाळ भरलेला असेल तर तो खालच्या थरातून उकरला जाऊन पुन्हा पुरला गेल्याची शंका धरायची. अमोनाइटचं (वेटोळ्या शंखाचा, आता नामशेष झालेला सागरी प्राणी) आणखी एक: प्राणी मेल्यावर रिकामा शंख तरंगत दूर जाऊ शकतो. तो प्राणी इथेच राहत होता असं त्यावरून म्हणता येत नाही. वयासाठी मात्र याचा फायदाच होतो. दूरवर पसरणारा जीवाश्मच कामाचा.

बाघला सहज सापडणारा अमोनाइट म्हणजे प्लासेंटिसेरास. चपटा, गुळगुळीत, कधीकधी वीतभर रुंद. पहिला हाती आला तेव्हा वाटलं, काम झालं. पण हा गडी वयाच्या बाबतीत फारसा उपयोगी नाही. ही प्रजाती बराच काळ टिकली. त्यात मोठे आणि छोटे शंख एकत्र सापडतात. पूर्वी त्यांना वेगवेगळी नावं दिली गेली होती. आता मोठे ते माद्यांचे आणि छोटे ते नरांचे असं मानतात. थराचं वय बांधायला हवा थोडाच काळ जगलेला, पण जगभर पसरलेला प्राणी. इथे तो मान प्रायोनोसायक्लस जर्मारी या छोट्या अमोनाइटचा. मुळात बोहेमियातून 1845 मध्ये वर्णन झालेला हा प्राणी बाघ थरांत सापडल्याचं 2003 मध्ये केनेडी, फणसळकर आणि वालाश्चिक यांनी प्रसिद्ध केलं. अमेरिकेत तो तुरोनियनच्या, म्हणजे क्रिटेशसमधल्या एका कालखंडाच्या, अगदी शेवटच्या पट्ट्याची खूण मानला जातो. इतक्या लांबच्या दोन ठिकाणी तोच प्राणी मिळाला की दोन्ही थर जवळपास एकाच वेळचे म्हणता येतात.

माझ्या छेदातून तसा एकच तुकडा निघाला, तोही अर्धा वेढा. प्रयोगशाळेत भिंगाखाली हवेच्या दाबावर चालणाऱ्या सुईने त्याच्यावरची चुनखडी कणाकणाने उडवली. हात जरा वाकडा गेला तर बरगडीच जाते, म्हणून एका बैठकीत नखाएवढीच जागा साफ करायची. मग फोटोसाठी त्याला पांढरा करायचा. काचेच्या नळीत नवसागर घालून खालून तापवला की टोकातून पांढरा धूर येतो. तो नमुन्यावर एका बाजूने फुंकायचा, तोंडावर मास्क लावून. आधी नमुना काळ्या शाईने रंगवलेला असेल तर उत्तम. खडकाचे डाग दिसेनासे होतात आणि फक्त आकार उरतो: पाठीवरचा दातेरी कणा, दोन्ही बाजूंच्या गाठी, एक जाड नि मग काही बारीक अशा बरगड्या. नुसत्या डोळ्यांनी मला त्या बारीक बरगड्या दिसल्याच नव्हत्या.

वेढ्याची उंची, जाडी, बेंबीची (वेटोळ्याच्या मधल्या खळग्याची) रुंदी व्हर्नियरने मोजून प्रसिद्ध नमुन्यांच्या मापांशी ताडली. तुकडा अर्धा असल्याने मी नावात 'cf.' म्हणजे 'याच्याशी तुलनीय' अशी खूण ठेवली. ती देवनागरीत 'तुलनीय' म्हणूनच लिहावी का, यावर विभागात गमतीदार चर्चा झाली, ती असो. अडवणूक झाली ती इनोसेरामसची. हे मोठे शिंपले क्रिटेशसच्या कालगणनेत अमोनाइटच्या तोडीचे मानले जातात. कोनियाशियनची, म्हणजे तुरोनियनच्या लगेच नंतरच्या कालखंडाची, सुरुवातच अशा एका शिंपल्याच्या पहिल्या आगमनावर ठरवली आहे. तिचा जागतिक आधारछेद (जगभर प्रमाण मानला जाणारा छेद) जर्मनीत साल्झगिटर-साल्डर इथे आहे. मोडलेल्या कडेवर भिंग धरलं की कॅल्साइटचे उभे दांडे एकमेकांना खेटून उभे दिसतात, म्हणून इनोसेरामस आहे हे तुकड्यावरूनही कळतं. कोणता, हे मात्र नाही. त्यासाठी चोचीपासून कडेपर्यंतच्या वळ्यांची ठेवण लागते, आणि माझे नमुने गाठाळ चुनखडीच्या दाबाने पिळवटलेले होते. त्यांची ओळख मी वंशापर्यंत नेऊन सोडली.

आता आकडा. शिंपला फक्त क्रम सांगतो, वर्षं सांगत नाही. वर्षं येतात दुसरीकडून. अमेरिकेच्या मध्यभागात क्रिटेशस समुद्राच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचे पातळ थर मधेमधे आहेत. विल्यम कॉबन यांनी तिथल्या अमोनाइटांचे बारीक पट्टे आखले, आणि त्यांच्यामधल्या राखेतल्या सॅनिडीन या खनिजाच्या स्फटिकांवरून आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने (किरणोत्सारी पोटॅशियमपासून बनलेला आर्गॉन मोजून) वर्षं काढली गेली. तुरोनियन-कोनियाशियन सीमा सुमारे 8.98 कोटी वर्षांवर बसते ती अशा कामांच्या आधारावर. म्हणजे धारच्या नाल्यातल्या थराला मी लिहिलेला आकडा अमेरिकेतल्या राखेवरून उसना घेतलेला आहे. प्रबंधात हे ठळक लिहायला सरांनीच सांगितलं.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या मॅडमनी तक्त्यावर बोट ठेवलं. प्रायोनोसायक्लसच्या थरासमोर मी 'उत्तर तुरोनियन' लिहिलं होतं, आणि त्याच्या वर, कोरॅलाइनच्या तळापर्यंत, तुरोनियन-कोनियाशियन सीमा तुटक रेषेने काढली होती. "ही रेषा सलग का नाही?" मी पिळवटलेले शिंपले दाखवले. त्यांनी एक हातात घेऊन भिंगाखाली फिरवला, परत ठेवला आणि विचारलं, मधल्या मार्लचा नमुना आणलाय का? आणला होता. मग तो धुऊन सूक्ष्म कवचं बघ, असं त्या म्हणाल्या. सध्या ते काम विभागातली एक ज्युनियर करतेय.