सोल्युशन आधीच लावलं होतं

चिंगी पुढे जायलाच तयार नव्हती. मागचे पाय लुळे पडलेल्या कुत्र्यांसाठी असते त्या दोन चाकांच्या गाडीत बसवली की उलट्या पावलांनी भिंतीपर्यंत मागे जायची आणि तिथेच थांबायची. गावठी कुत्री, वजन १२ किलो. तीन महिन्यांपूर्वी दुचाकीची धडक बसून कणा मोडलेला, मागच्या पायांत संवेदना नाही. गाडी एका प्लंबरने व्हिडिओ बघून बनवली होती. पाऊण इंची पीव्हीसी नळी, आठ इंची चाकं, सांधे अगदी सफाईदार. "घाबरते हो ती, होईल सवय," तिला सांभाळणारे काका म्हणाले. पंधरा दिवस ते त्या सवयीची वाट बघत होते.

घाबरलेलं कुत्रं गाडीत बहुतेकदा ताठ उभं राहतं. सतत मागेच जायला लागलं, तर आधी पुढून काही बोचतंय का ते बघावं. छातीचा पट्टा सोडला, तर खांद्यावरचे केस घासून गेलेले. मग बॅगा तोलायचा हुकाचा काटा गाडीच्या पुढच्या दांड्याला अडकवला आणि चिंगी आत असतानाच दांडा जेमतेम उचलला. दीड किलो! एवढ्या अंगाच्या कुत्रीच्या खांद्यावर पावशेराच्या आसपास भार ठीक. दांडा दोन बोटांनी उचलता आला पाहिजे. धडधाकट कुत्रंसुद्धा साधारण ६० टक्के वजन पुढच्याच पायांवर पेलतं. त्यात हे ओझं. मागे सरकलं की ते जरा हलकं व्हायचं, म्हणून ती मागे जात होती.

कारणं दोन निघाली. चाकांचा आस खुब्याच्या सांध्यापासून अडीच इंच मागे होता. ही गाडी म्हणजे तराजू आणि आस म्हणजे त्याचा टेकू. तो मागे गेला की भार खांद्यावर, फार पुढे आला की पुढचा दांडा वर उठतो आणि पुढचे पंजे फरशीवर घसरतात. दुसरं म्हणजे उंची. माप चिंगीला आडवं निजवून, पाय ताणून घेतलेलं, त्यामुळे खोगीर, म्हणजे मागचं अंग पेलणारी बैठक, इंचभर उंच आणि पाठ पुढे उतरती. माप घेताना एकाने मागचं अंग पोटाखालच्या टॉवेलने उचलून धरायचं, पाठ सपाट करायची आणि दुसऱ्याने जमिनीपासून जांघेपर्यंत मोजायचं. एकट्याने हे जमत नाही.

आस सरकवायचा, तर सगळे सांधे सोल्युशनने, म्हणजे पीव्हीसीच्या गोंदाने, चिकटवलेले. हॅक्सॉने नळ्या कापल्या, तुकडे जोडणारे कपलर घातले आणि या खेपेला नुसते स्क्रू मारले. आस एकदा सरकवून भार एक किलो राहिला. मग आस खुब्याच्या दीड इंच पुढे नेला, तेव्हा काटा २०० ग्रॅमवर आला. म्हणजे एकूण चार इंचांचा फरक. नळीचं स्वतःचं वजनही पुढेच पडतं, हे हिशेबात धरायला लोक विसरतात.

खोगिराच्या कड्यांना साधा स्पंज गुंडाळला होता. तो लघवी शोषतो, आणि ओल्या स्पंजाने जांघेत लाल चट्टा उठला होता. तिथे एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात तो काळा फोम बसवला. तो पाणी धरत नाही. शेपटीखाली जागा मोकळी ठेवली. मागचे पंजे जमिनीवर घासून सोललेले होते, ते इलॅस्टिकच्या फाशात इंचभर वर टांगले.

काकांनी विचारलं, "जयपूर फूटसारखा पाय नाही का बसत?" प्रश्न रास्त आहे. थायलंडमध्ये १९९९ साली भूसुरुंगावर पाय पडलेल्या मोताला नावाच्या हत्तिणीलासुद्धा कृत्रिम पाय बसवला आहे. पण त्याला बळ आणि संवेदना असलेला खुंट लागतो. चिंगीचे पाय जागेवर आहेत, पण कण्यातून त्यांना निरोप जात नाही. पाय कापावा लागलेल्या कुत्र्यांतही डॉक्टर बऱ्याचदा तो वरूनच काढतात, मग कृत्रिम पायाची वाटी (सॉकेट) अडकवायला काही उरत नाही. तशी कुत्री तीन पायांवर छान पळतात, ही गोष्ट वेगळी.

दुपारी पोळीचा तुकडा चार हातांवर धरला. चिंगी दोन पावलं मागे गेली, थांबली आणि पुढे आली. दहा मिनिटांत गाडी काढली. सुरुवातीला १०–१५ मिनिटं, दिवसातून दोनदा, एवढंच. गाडीत तिला आडवं होता येत नाही, त्यामुळे लक्ष ठेवणारं माणूस जवळ हवं. गाडी काढल्यावर जांघ, काख आणि खांदा बोटांनी चाचपायचे. दाबूनही न जाणारी लाली दिसली, तर त्या दिवशी गाडी बंद. डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे मूत्राशय दाबून रिकामं करणं चालूच ठेवायचं. गाडीने त्यातून सुटका होत नाही.

मागचे स्नायू आणखी झडतील, तोल पुन्हा बदलेल. म्हणून पुढच्या शनिवारी काट्यावर परत बघायचं ठरलं. काका सोल्युशनची डबी सोबत घेऊन आले होते. ती मी ठेवून घेतली.