मीठ पाच शेर

मोडी वाचून देण्याची माझी बहुतेक कामं जमिनीची असतात. वाटणीपत्र, गहाणखत, जुना फेरफार, आणि गेली काही वर्षं कुणबी नोंदी. हवं ते नाव सापडलं की लोक हरखतात आणि काम संपतं. गंगापूर रोडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक छोटं कॉफी शॉप आहे. सकाळी तिथल्या खिडकीपाशी स्वच्छ उजेड असतो आणि फिकट झालेली शाई दिव्यापेक्षा उन्हाच्या उजेडात चांगली उठते, म्हणून लोकांना मी तिथेच बोलावते.

त्या दिवशी आलेले काका पंचाहत्तरी ओलांडलेले, मूळचे निफाडकडचे. लाल कापडात बांधलेली लांबट वही त्यांनी पुढे ठेवली. "ताई, वडील मराठा पलटणीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले. नातवंडांसाठी एक पुस्तिका काढतोय. ही वही माझ्या आजोबांच्या हातची. तिच्यात लढाईचं काही निघतंय का बघा."

इटलीची मोहीम त्यांना पाठ होती. यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या खोऱ्यात मशीनगनवर एकटे चालून गेले आणि तिथेच पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, हे सांगताना काकांचा आवाज भरून आला होता. वही मात्र घरखर्चाची होती. शके, महिना, तिथी आणि खाली रोजच्या नोंदी. रुपयाच्या आकड्यापुढे उभी रेघ म्हणजे पावली, आडवी म्हणजे आणा. शब्द एकमेकांना चिकटलेले, पण अक्षर सुरेख.

शके १८६५ च्या ज्येष्ठात, म्हणजे १९४३ च्या जूनमध्ये, 'बेळगावचे तिकीट' असा खर्च निघाला. काका सरसावून बसले. "रजा संपवून पलटणीत परत गेले असतील." त्यानंतर महिन्याच्या महिन्याला मनीऑर्डर जमा होत होती, बारा रुपये. त्याच पानांवर साखर संपली. आधी अर्धा शेर, मग पावशेर, मग नुसता गूळ, मग गूळही सणापुरता. राकेल कधी मिळालं, कधी नाही. कापडाची एकच नोंद, तीही लुगड्याची, उधारीवर.

मध्येच कॉफी आली. त्याच लढाईमुळे युरोपातली गिऱ्हाइकं तुटली, दक्षिणेतल्या मळ्यांची कॉफी पडून राहिली, म्हणून १९४० साली सरकारने ती एकत्र करून विकण्याची व्यवस्था केली आणि १९४२ मध्ये तिचा कायदा झाला. एका ठिकाणी माल उठत नाही आणि निफाडच्या घरात गोडाचा खडा नाही.

फाल्गुनात बाळंतिणीचा खर्च लागला. डिंक, खोबरं, सुईणीला लुगड्याऐवजी रोख. चैत्रापासून रोज 'तान्हीस दूध'. मी वाचत गेले, काका लिहून घेत होते. त्यांचा हात थांबला. "तान्हीस? माझा जन्म सत्तेचाळीसचा, ताई. आणि मी थोरला."

मी पुढचं पान उलटलं. आषाढापासून मनीऑर्डर नाही. घाडगे पडले तोच तो महिना. श्रावणातही नाही. तेव्हा 'सौ. चे गोठ मोडले', म्हणजे बायकोच्या हातातल्या बांगड्या मोडल्या, अशी नोंद आली. मिठामिरचीचेही पैसे मोजून लिहिणाऱ्या त्या माणसाने या दिवसांत पोस्टकार्डावर मात्र हात आखडला नव्हता. दर तीन-चार दिवसांनी एक कार्ड. मुलगा जिवंत आहे की नाही, हे विचारायला दुसरा मार्गच कुठे होता?

भाद्रपदात 'तान्हीस हीव'. मग 'पोस्टात कोयनेल नाही' आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच. हिवतापाचं औषध तेव्हा पोस्टात पुड्यांनी विकत मिळे. जगातलं बहुतेक कोयनेल जावा बेटावरून यायचं आणि मार्च १९४२ मध्ये जावा जपानने घेतलं होतं. मिळालं असतं तर पोर वाचली असती का, हे वहीवरून सांगता येत नाही. पण पोस्टाच्या दारातून दोनदा रिकाम्या हाताने परतलेला तो म्हातारा मला दिसत होता.

पुढची ओळ 'मीठ पाच शेर' अशी होती.

त्या घरात मीठ नेहमी अच्छेर, म्हणजे अर्धा शेर, यायचं. काकांनी विचारलं, "एवढं कशाला? लोणच्याचे दिवस नव्हेत." मला कळलं होतं. गप्प राहून पुढे वाचता आलं असतं, पण वही त्यांची होती. म्हटलं, "काका, तान्ह्या मुलांना पुरतात. खड्ड्यात मीठ घालतात." दुसऱ्या दिवसापासून दुधाची नोंद नव्हती. अर्ध्या पानावर काहीच लिहिलेलं नव्हतं. कार्तिकात छत्तीस रुपयांची मनीऑर्डर एकरकमी जमा झाली आणि त्याच तिथीला एक पोस्टकार्ड.

माझे आजोबा त्याच काळात नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये कामाला होते. आमच्याकडे लढाई म्हणजे आजी सांगायची ती राकेलची रांग आणि उजेड आहे तोवर उरकलेली जेवणं. आम्ही ती गंमत म्हणून ऐकायचो, आजीही हसत सांगायची. त्या सकाळी पहिल्यांदा वाटलं, हसता येईल तेवढंच ती आम्हाला सांगत होती.

काकांनी तिथूनच आत्याला फोन लावला. नव्वदीच्या पुढच्या आहेत, ऐकायला कमी येतं, म्हणून स्पीकरवर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माझ्याच मांडीवर असायची ती दिवसभर. दादा परत आला तेव्हा वहिनीने आम्हाला बजावलं होतं, त्याच्यापुढे पोरीचं नाव काढायचं नाही म्हणून."

"मग त्यांना कळलंच नाही?"

"कार्डात लिहिलं होतं रे. मीच टाकून आले होते."

काकांनी पुस्तिकेच्या कच्च्या पानांवरचं 'इटलीची मोहीम' हे पहिलं प्रकरण दुसऱ्या क्रमांकावर टाकलं. आत्यांकडे त्याच काळातल्या आणखी वह्या माळ्यावर आहेत. कसर लागायच्या आत त्या बघायला पुढच्या आठवड्यात आम्ही निफाडला जाणार आहोत.