६४ बाइटांचा ओटा

सराफ्यात दिवसा सोनं विकलं जातं आणि रात्री त्याच दुकानांपुढे गराडू नावाचे कंद तळले जातात. दोघांचं पटतं कसं, याचं इंदूरबाहेरच्या पाहुण्यांना भारी नवल. न पटायला दोघं एका वेळी तिथे असतात कुठे? सराफाचं शटर खाली आल्याशिवाय कढई चढतच नाही.

ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला जोडलेलं उपकरण चालवणारा प्रोग्राम, लिहिताना मला हा बाजार हटकून आठवतो. समजा, एसपीआय या चिपा जोडायच्या तारांवरच्या सेन्सरकडून ६ बाइट वाचायचेत. डीएमए, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता डेटा हलवणारं हार्डवेअर, ते परस्पर मेमरीत आणून टाकतो. प्रोसेसर मात्र बघतो आपल्या कॅशमधली, म्हणजे जवळच्या छोट्या वेगवान मेमरीतली, प्रत. इंटेल-एएमडीच्या लॅपटॉपवर हार्डवेअरच दोघांचा मेळ घालतं. बऱ्याच छोट्या आर्म बोर्डांवर ते आपल्या गळ्यात येतं. म्हणून लिनक्समध्ये बफर, म्हणजे डेटा उतरवायची मेमरीतली जागा, मॅप करून डिव्हाइसच्या हवाली करायचा, अनमॅप करून परत घ्यायचा, आणि मधल्या वेळात त्याला हात लावायचा नाही.

एवढं बहुतेक जण पाळतात. घोळ करतो तो शेजारी. कॅशचा व्यवहार सुट्या बाइटांचा नसतो, अख्ख्या ओळीचा असतो. ओळ बहुधा ६४ बाइटांची. स्ट्रक्टमध्ये, म्हणजे मेमरीत शेजारी-शेजारी ठेवलेल्या व्हेरिएबलांच्या गठ्ठ्यात, बफर, आणि त्याला खेटून एक गरीब काउंटर. रीडिंग यायच्या आत कुणी तो काउंटर एकाने वाढवला, की सगळी ओळ कॅशमध्ये येते, बफरच्या शिळ्या बाइटांसकट. पुढे ती मेमरीत परत लिहिली गेली तर ताजं रीडिंग पुसलं. न लिहिता टाकून दिली तर काउंटर मागे. आणि हे होणार कधीमधी. तोवर सेन्सर बदलून होतो, वायर बदलून होते, सोल्डरिंग करणाऱ्याचा उद्धार होतो.

बफर स्टॅकवर, म्हणजे फंक्शनच्या तात्पुरत्या जागेत, ठेवणाऱ्यांची तर २०१६ मध्ये, लिनक्सचा गाभा असलेल्या कर्नलची ४.९ आवृत्ती आल्यावर, लॅपटॉपवरही पंचाईत झाली. एक्स८६ वर, म्हणजे इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरांवर, स्टॅक व्हीमॅलॉक या वेगळ्या पत्त्यांच्या जागेत गेला आणि त्या पत्त्यावरून डीएमएला लागणारा खरा पत्ता काढता येईना. बरंच झालं म्हणायचं, स्टॅकवरही असे शेजारी असतातच!

सरळ मार्ग म्हणजे केमॅलॉकने, म्हणजे कर्नलकडे मेमरी मागणाऱ्या फंक्शनने, वेगळा बफर घ्यावा. ६४ बिटी आर्मवर पूर्वी ८ बाइट मागितले तरी १२८ मिळत, कारण काही चिपांत ओळ तेवढी लांब असू शकते. २०२३ च्या कर्नल ६.५ पासून छोटे तुकडेही मिळतात. अशा तुकड्यावर डीएमएची वेळ आली की कर्नल दुसऱ्या सुरक्षित बफरमध्ये काम उरकून डेटा इकडे कॉपी करतो. वेळ जातो, अशी कुरकुर होते. ६ बाइटांना असा कितीसा वेळ जाणार?