गेटच्या बाहेरचा रस्ता

शनिवार, रात्रीचे साडेबारा

आत्ताच घरी आलोत. सेलू स्टेशनवर उतरून गाडीवर गावाकडं येता येता बारकी बहीण मागं बसल्या बसल्याच पेंगायली होती. काल नांदेड आणि आज संभाजीनगर, दोन दिवसात दोन विद्यापीठं बघून झाली. बीएस्सी झालं तिचं, आता एमएस्सीला कुठं घालायचं हे ठरवायचंय. आमचं सेलू असं मधोमध आहे की एकाच रेल्वे लाईनवर इकडं बसलं की नांदेड अन् तिकडं बसलं की संभाजीनगर. सगळे विचारायले की नॅकचा, म्हणजे दर्जा तपासणाऱ्या संस्थेचा, ग्रेड किती, प्लेसमेंट किती. ते बघितलंच मी. पण मला खरं बघायचं होतं ते गेटच्या बाहेरचं.

कारण मी भोगलंय ते. माझं कॉलेज फाट्यापासून तीन किलोमीटर आत होतं, आजूबाजूला नुसती तूर अन् कापूस. प्रॅक्टिकल साडेपाचला सुटायचं आणि गावाकडची शेवटची एसटी पाचला. आम्ही पोरं कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर, टमटमला लटकून घरी पोचायचो, पण आमच्या वर्गातल्या तीन पोरी दुसऱ्या वर्षाला आल्याच नाहीत. त्यातली एक माझ्यापेक्षा हुशार होती, गणितात तर लईच. बारावीपर्यंत पोरींना एसटीचा पास फुकट असतो, आणि 2023 पासून बायांना अर्धं तिकीट झालंय ते चांगलंच झालं, पण बसच नसंल तर अर्ध्या तिकिटाचं काय करायचं? त्या पोरी नापास झाल्या नव्हत्या, त्यांचा रस्ता संपला होता.

काल नांदेडला विष्णुपुरीत गेलो. 1994 ला सुरू झालेलं विद्यापीठ, शहराच्या बाहेर, गोदावरीच्या पल्याड. धरणाचं पाणी जवळच, मोकळं वारं, गलका अजिबात नाही. बारकीला ते लई आवडलं, म्हणे दादा इथं अभ्यास होईल. होईलच. पण वही, औषध, क्लास, कशालाही बाहेर पडायचं तर ऑटो बघावा लागतो आणि अंधार पडल्यावर वर्दळ कमी होती. होस्टेल आतच आहे म्हणून तेवढा धीर.

आज संभाजीनगरला मुद्दाम परतीची मराठवाडा एक्स्प्रेस सोडली आणि अंधार पडेपर्यंत विद्यापीठाच्या गेटजवळ बसलो. मागं डोंगर, डोंगरात लेण्या, आत सातशे एकरांच्या वर जागा, आणि गेटमधून बाहेर पडलं की बेगमपुरा, पहाडसिंगपुरा, तिथं घरोघरी पोरापोरींच्या रूमा, मेस, झेरॉक्स. साडेसात वाजता पोरी पुस्तकं छातीशी धरून आरामात चालत जायल्या होत्या, कुणी मागं वळून बघत नव्हतं. मी तेवढंच बघायला गेलो होतो.

येताना नागसेनवनावरून आलो. बाबासाहेबांनी 1950 ला इथं मिलिंद कॉलेज काढलं, तवा मराठवाड्यात विद्यापीठ नव्हतं, ते 1958 ला झालं. आमच्या आजाच्या वेळेला निजामाच्या राज्यात मोठं शिक्षण म्हणजे हैद्राबाद, आणि तिथवर पाठवायची ऐपत किती घरांत होती? कॉलेज पोराच्या गावाजवळ आणणं हे किती मोठं काम होतं ते आज त्या झाडांखालून चालताना नीट कळलं मला.

घरी आल्यावर अण्णा जागेच होते. त्यांनी ना फी विचारली ना ग्रेड. एकच विचारलं, रातच्याला पोरगी आजारी पडली तर दवाखाना किती लांब? मी म्हणलं दोन्हीकडं सरकारी मेडिकल कॉलेज जवळ आहे, विष्णुपुरीत पण आणि इकडं घाटी पण. तवा कुठं ते झोपायला गेले.

बारकी अजून विष्णुपुरीच म्हणायली. मी तिला सांगितलं, फॉर्म दोन्हीकडचे भरू, पण जिथं होस्टेल लागंल तिथंच जायचं. ती म्हणली, आणि दोन्हीकडं लागलं तर? मग तुझं तू ठरव म्हणलं, दोन वर्षं त्या रस्त्यानं तुलाच चालायचंय. सोमवारी कॅफेवर जायचंय, टीसी अन् कास्टचे कागद फाईलीत लावून ठेवलेत.