सोहोळच्या माळावर, काळविटांच्या मागावर

विदर्भात जंगल पाहायला निघालेला माणूस ताडोबा गाठतो, फार तर मेळघाट किंवा टिपेश्वर. वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा-सोहोळला मुद्दाम जाणारे मला आजवर फारसे भेटले नाहीत. इथं ना वाघ, ना दाट झाडी. 2000 साली जाहीर झालेलं हे 18.32 चौरस किलोमीटरचं अभयारण्य म्हणजे मुरमाड उतार, गुडघाभर गवत, मधूनच बाभळी-बोरी आणि चहूकडून वावरं. काळविटाला नेमकं एवढंच हवं असतं.

अमरावतीहून एसटीनं कारंजा लाडला उतरलो. ओळखीतली एक मुलगी इथं काळविटांवर पीएच.डी. करते. तिच्यासोबत माळ फिरायचा, एवढ्यासाठीच आलो होतो.

तिचं काम उजाडायच्या आत सुरू होतं. नकाशावर आखलेल्या सरळ रेषेतून चालायचं. कळप दिसला की जागीच थांबून रेंजफाइंडरनं अंतर घ्यायचं, होकायंत्रानं दिशा, मग नर किती, माद्या किती, पाडसं किती. रेषेपासून जितकं लांब, तितकी जनावरं नजरेतून निसटतात. किती निसटली असतील याचा हिशेब या नोंदलेल्या अंतरांवरूनच बांधतात, म्हणून ती एकही अंतर अंदाजानं लिहीत नाही. कुसळं पँटीत घुसून टोचत होती, पण तिचं सगळं लक्ष दुर्बिणीत.

उन्हं वर आली तसा एक काळा नर उघड्यावर येऊन उभा राहिला. पीळदार शिंगं मागे टाकून, नाक वर करून. पाठ अगदी शाईसारखी काळी. जन्मताना नरही मादीसारखा भुराच असतो, वयात येता येता हा रंग चढतो. तो निघून गेल्यावर आम्ही त्या जागी गेलो. लेंड्यांचा पसरट ढीग, जुन्या पांढुरक्या पडलेल्या, वर ताज्या काळ्या चकचकीत. नर आपल्या हद्दीत ठरल्या जागीच लेंड्या टाकतो. शेजारच्या बाभळीच्या फांदीच्या टोकावर काळसर चिकट ठिपका होता; डोळ्याखालच्या ग्रंथीतला तो स्राव. फांदीला डोळ्याचा कोपरा घासून तो हद्द राखतो.

ताज्या लेंड्या तिनं चिमट्यानं उचलून अल्कोहोलच्या बाटलीत टाकल्या. लेंडीच्या वरच्या थरात आतड्यातल्या पेशी येतात, त्यातून डीएनए मिळतो. जनावराला हात लावायला नको, बेशुद्ध करायला नको. या कळपाचं पलीकडच्या कळपाशी नातं आहे की तो एकटा पडलाय, हे त्यातून कळतं. मला हे फार मोलाचं वाटतं. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत काळवीट आज धोक्याबाहेर आहे आणि आपल्या कायद्यानं त्याला पहिल्या अनुसूचीचं संरक्षणही आहे. पण यादी अख्ख्या प्रजातीचा विचार करते, कळप मात्र बेटासारखे तुटत चाललेत. कारंजाजवळून 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जातो. त्यावर वन्यप्राण्यांसाठी खालून-वरून वाटा ठेवल्या आहेत. पण काळविटाचा सारा भरवसा दूरवर पाहण्यावर आणि पळण्यावर. त्याची शिकार करायला एके काळी चित्ता होता, जो 1952 मध्ये भारतातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. आता लांडगा उरलाय. असं जनावर बंदिस्त बोगद्यात शिरेल का, याचं उत्तर वर्षानुवर्षं नोंदी ठेवूनच मिळेल.

दुपारी एका काकांच्या वावरात बसलो. तूर उभी होती, हरभरा घाट्यावर. काका तिला म्हणाले, "पोरी, तू हरणं मोजतं, बरं हाय. पन माया हरभऱ्याले राती किती तोंडं लागली, थे कोन मोजते?"

तिनं बांधाकडे बोट दाखवलं. तिथं जाळीनं बंद केलेला एक लहान चौकोन होता आणि शेजारी तेवढाच उघडा. सुगीला दोन्हींतलं पीक वेगवेगळं तोलायचं, की जनावरांनी खरंच किती खाल्लं ते आकड्यात येतं. काळविटानं किती आणि रोह्यानं, म्हणजे नीलगाईनं किती, हेही पावलांच्या ठशांवरून लिहून ठेवते. काका थोडे निवळले, पण त्यांची रात्रीची जागल काही सुटणार नाही. भरपाई मिळते, पण अर्ज, फोटो, सातबारा, पंचनामा होईस्तोवर माणूस टेकीला येतो. काळवीट वाचवायचं तर हे पैसे हंगाम संपायच्या आत काकांच्या हाती पडायलाच हवेत. संवर्धनाचा निम्मा खर्च हीच माणसं सोसतात.

काळवीट, रोही, चिंकारा, चौशिंगा हे चारही कुरंग, म्हणजे अँटिलोप, विदर्भात आहेत. चितळ-सांबरासारखी यांची शिंगं दरवर्षी गळत नाहीत. चौशिंगा झाडीत राहतो, म्हणून जंगलाबरोबर तोही वाचतो. माळावरच्या काळविटाला मात्र वाली नाही. गावोगावची ई-क्लास, म्हणजे सरकारी चराऊ जमीन आपण पडीक धरतो. मग तिथं अतिक्रमण होतं, नाहीतर मोठ्या उत्साहानं खड्डे खणून गिरीपुष्प लावतात. झाडं वाढली की सावलीत गवत मरतं, नजर अडते, काळवीट निघून जातं. हिरवं दिसतं म्हणून फोटो छान येतात. माळावर झाड लावणं हे तिथल्या जिवांच्या घरावर नांगर फिरवणं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

जाणार असाल तर हिवाळ्यात जा आणि वनखात्याच्या माणसासोबतच फिरा. गवतात एकटं पाडस दिसलं तर उचलू नका, त्याला हातही लावू नका. आईच त्याला लपवून चरायला गेलेली असते, दूध पाजायला ती परत येते. कुत्रं सोबत नेऊ नका. आणि परिसरात तुमचं वावर असेल, तर उघड्या विहिरीला कठडा बांधून घ्या. रात्री पळणारी जनावरं त्यात पडतात.